नाकाडीच्या पाच कळ्या

४ जानेवारी

ती. मामा,

नमस्कार. तुमचं पत्र मिळालं. "बरा आहे" एवढंच लिहायचं होतं तर दोन ओळी तरी कशाला खर्च केल्या? डोळ्यांत थेंब वेळेवर घालता का, हे विचारलं होतं, त्याला सोयीस्कर बगल दिलीत.

आता कामाचं. आमच्या हर्बेरियममध्ये यंदा एक अवाढव्य तक्ता करायला घेतलाय. सुकवून शीटवर चिकटवलेले सगळे नमुने कपाटांतून काढायचे, भिंगाखाली बघायचे आणि फुलझाडाच्या एकेका जातीचे गुण नोंदवायचे. झाड की रोप? फूल चारी बाजूंनी सारखं की वाकड्या तोंडाचं? पाकळीमागे मधाची नळी आहे का? स्वतःच्या परागाने बी धरतं का, की दुसऱ्या झाडाचा पराग लागतो? मग हे सगळं फुलझाडांच्या वंशवृक्षावर मांडायचं आणि बघायचं, कोणत्या गुणाच्या फांदीला भरपूर फाटे फुटले आणि कोणती फांदी एका काडीवर संपली. फुलांच्या इतक्या लाख जाती झाल्या कशा, हा मूळ प्रश्न. सर म्हणतात, दोन वर्षांत उत्तर. मी म्हणते, दोन वर्षांत मला जाड चष्मा.

आतापर्यंतचा कल मात्र स्वच्छ आहे. मधाची नळी असलेली, वाकड्या तोंडाची फुलं ज्या फांद्यांवर, त्या फोफावल्यात. जी फुलं स्वतःचा पराग नाकारतात त्यांच्याही फांद्या पसरतात. जी एकट्यानेच भागवतात ती झटपट वाढतात, पण पुढे त्यांना फाटे फुटत नाहीत, लवकर संपतात. याला डोळ्यांत भरणारा अपवाद एकच, तुमची नाकाडी. फांदी जुनी, तिच्यावर ही एकटीच उरलेली, आणि एकतीस वर्षांपूर्वीच्या तुमच्या निबंधाप्रमाणे स्वतःच बी धरणारी.

मामा, म्हणूनच लिहितेय. खाण सुरू होताना तुम्ही टेकडीवरून उचलून आणलेलं ते एक झुडूप आमच्या काचघरात आहे. टेकडी संपली, आता जगात तेवढंच. नऊ वर्षं मी ते सांभाळतेय. दरवर्षी फुलतं आणि आजवर एक फळ धरलेलं नाही. सतरा कलमं लावून पाहिली, सतरा कुजली. आता बुंधा खालून मऊ पडलाय. माळीकाका म्हणाले, "बाई, फार तर हा एक बहर." या बहरात बी मिळालं नाही तर नाकाडी गेली.

कळ्या आल्यात. तुमच्या पिशव्यांमध्ये तर फळांची रास लागली होती. तुम्ही नेमकं काय करत होतात, ते सगळं लिहा.

तुमची,
मुंगी


१२ जानेवारी

चि. मुंगे,

थेंब घालतो. अर्धे डोळ्यांत, अर्धे मिशीत.

तुझा तक्ता वाचून मजा वाटली. आमच्या वेळी एका फुलावर माणसाची सगळी नोकरी निघायची, तुम्ही लाखाचा हिशेब दोन वर्षांत उरकणार! उरका.

नाकाडीचं म्हणशील तर तू पाणी जास्त घालतेस. लहानपणी आमच्याकडे सुट्टीला यायचीस तेव्हा मामीच्या सगळ्या कुंड्या तूच बुडवल्या होत्यास. ते टेकडीवरचं, दगडाच्या फटीत वाढलेलं झुडूप आहे, त्याला लाडावून ठेवलंस की बुंधा मऊ पडणारच. पाणी तोड. खिडकीजवळ, वाऱ्यावर ठेव. खत बंद. फुलांना उगाच हात लावत बसू नकोस. तुझा हात मुळातच जड.

प्रयोगात विशेष काही नव्हतं. फांद्यांवर मलमलीच्या पिशव्या बांधल्या, फळं धरली, मोजली. निबंधात सगळं आहे, तो वाच.

इकडे थंडी बरी आहे. गुडघे कुरकुरतात.

मामा


२८ जानेवारी

ती. मामा,

पाणी तोडलं. खिडकीशी ठेवली. खत बंद केलं. तुमच्या सांगण्याप्रमाणे सहा फुलांना बोटही लावलं नाही, ती पाचव्या दिवशी गळली. मग धीर सुटला म्हणून बारीक कुंचल्याने अकरा फुलांना त्यांचाच पराग लावला. तीही पाचव्याच दिवशी गळली, देठासकट, टेबलावर एका रांगेत. मी ती उचलून मोजली आणि शहाण्यासारखी वहीत लिहिली.

निबंध तर मला पाठ आहे. मामीने शिवलेल्या चाळीस पिशव्या, तीनशेच्या वर फळं. तुम्ही मला भिंगातून पहिलं फूल दाखवलंत ते नाकाडीचं होतं. मामी म्हणाली होती, "केवढं नाक घेऊन जन्माला आलंय बिचारं, नाकाडीच म्हणा हिला." शास्त्रीय नाव मला त्यानंतर दहा वर्षांनी कळलं. त्या एका फुलापायी मी या कामात पडले, हे तुम्हाला ठाऊक आहे.

म्हणून जास्त टोचतं. पूर्वी मला वाटायचं, माझ्याआधीचे माळी हयगय करत असतील. मग वाटलं, काचघराची हवा. आता दुसरं काही उरलंच नाही, म्हणजे मीच उरले. जे झुडूप टेकडीवर कुणी न बघता ढीगभर फळायचं, ते माझ्या हाताखाली नऊ वर्षं वांझ राहिलंय. काल सरांनी सहज विचारलं, "तुमच्या मामांना जमलं ते तुम्हाला का जमत नाही?" घरी येऊन रडले, खोटं कशाला सांगू.

तक्त्यात नाकाडीपुढे "स्वतः बी धरते का?" अशी चौकट आहे, तिच्यासाठी सरांना दुसरा पुरावा हवाय. तुमच्या जुन्या वह्या असतील ना? पिशव्या रोज कोण बघायचं, तुम्ही की मामी? कधी सुटल्या होत्या का, फाटल्या होत्या का, काहीही.

मुंगी


२ फेब्रुवारी

चि. मुंगीस,

वह्या सापडत नाहीत. घर बदललं तेव्हा बरंच रद्दीत गेलं.

तुझ्या सरांना म्हणावं, एकतीस वर्षं तो निबंध कुणी खोडला नाही, तुम्हाला आत्ता पुरावा आठवला? चौकटीत "होय" लिहा आणि पुढे चला. आणि मेलेल्या माणसाला तक्त्यात ओढायचं कारण नाही. मामीने पिशव्या शिवल्या, संपलं.

मामा


६ फेब्रुवारी

ती. मामा,

मी मामीला कशात ओढलं? पिशव्या कोण बघायचं, एवढं विचारलं. तुम्ही इतके चिडाल असं वाटलं नव्हतं. चुकले असेन तर माफ करा.

चौकटीत "होय" लिहिलं. पुरावा म्हणून तुमचा निबंध. सरांनी मान हलवली.

दुसरी एक गोष्ट कळवायची होती. एक तारखेपासून मी काचघर सोडतेय, तसा अर्ज दिलाय. नवीन आलेली सहायिका हाताने हलकी आहे, कामाला चोख आहे. बुंधा आता निम्म्यावर मऊ आहे, वीसेक कळ्या उरल्यात. शेवटचा बहर तरी चांगल्या हाती जावा. मी यापुढे नुसती शीटं बघेन. सुकलेल्या फुलांचं माझ्या हातून काही बिघडणार नाही.

तुम्ही म्हणाला होतात तेच खरं, हात मुळातच जड. मामी असती तर तिला विचारलं असतं. तिने कुंडीत काडी खोचली तरी फुटायची.

डोळ्यांना जपा.

मुंगी


१३ फेब्रुवारी

मुंगे,

काचघराची किल्ली कुणालाही देऊ नकोस. आधी हे शेवटपर्यंत वाच, मग मला काय म्हणायचं ते म्हण.

तुझ्या हातात काही दोष नाही. नाकाडी स्वतःचा पराग घेत नाही. कधीच घेत नव्हती. तिला दुसरं झुडूप लागतं. हे मला बारा वर्षांपासून माहीत आहे.

त्या हंगामात आम्ही टेकडीच्या पायथ्याशी पत्र्याच्या एका खोलीत राहत होतो. चाळीस फांद्यांवर मी पिशव्या बांधल्या. मधमाशी आत जाऊ शकणार नाही, तरी फळ धरलं तर ते स्वतःच्या परागाचं, एवढाच प्रयोग. ऐन बहरात मला परीक्षेच्या कामाला नऊ दिवस जावं लागलं. निघताना मामीला म्हणालो, "पिशव्यांकडे लक्ष ठेव." बस. त्या कशासाठी बांधल्यात हे मी तिला सांगितलंच नव्हतं. चाळीस पिशव्या तिच्याकडून शिवून घेतल्या, आणि कशासाठी ते सांगावं असं एकदाही मनात आलं नाही.

तिला वाटलं, अळ्या लागू नयेत म्हणून बांधल्यात. दोन दिवस तिने पाहिलं, मधमाश्या मलमलीवर डोकं आपटतात आणि निघून जातात. मग फळ कसं धरणार? नवरा परत येऊन म्हणेल, एवढंही लक्ष ठेवता आलं नाही. तेव्हा मधमाश्यांचं काम तिने अंगावर घेतलं. रोज सकाळी पिशव्या सोडायच्या, शेजारच्या झुडपांचा पराग कापूस गुंडाळलेल्या काडीवर घ्यायचा, एकेका फुलाला लावायचा, पिशव्या पुन्हा पक्क्या बांधायच्या. सात दिवस, चाळीस फांद्या. तिच्यासारखी नेटकी मदतनीस मला पुढे कधी मिळाली नाही.

मी आलो, पंधरवड्यात पिशव्या फळांनी भरल्या. मी तिला उचलून गोल फिरवलं. तिला वाटलं, तिच्या मेहनतीवर खूश आहे. तिने "काय काय केलं ते ऐका तरी" म्हणून सुरुवात केली होती, मुंगे. मला अजून आठवतं. मी म्हणालो, "थांब, आधी मोजू दे." त्या फळांचं बी मोजलं, तोललं, रुजवून पाहिलं आणि रोपं टाकून दिली. टेकडीवर तेव्हा हवी तेवढी होती.

निबंध छापून आल्यावर एका पाहुण्याला मी प्रयोग समजावून देत होतो. ती दारात उभी राहून ऐकत होती. तेव्हा तिला कळलं आपण काय करून बसलो. पाहुण्याला समजावलं, बायकोला नाही, असा तुझा मामा. तोवर माझा सत्कार झाला होता, बढती झाली होती. ती मूग गिळून बसली. एकोणीस वर्षं तिने हे पोटात ठेवलं, आणि दवाखान्यात, शेवटच्या आठवड्यात मला सांगितलं. म्हणाली, "मी तुमचं फार नुकसान केलं हो." मी तिला म्हणालो, काही बिघडलं नाही.

बिघडलं होतं. खाणीची परवानगी देताना माझं मत विचारलं होतं, आणि मी लिहून दिलं होतं की एक झुडूप वाचवलं तरी पुरे, ते स्वतःच बी धरतं. माझ्या सहीने.

तरी तेव्हा वेळ होती, हे ऐक. तिने सांगितलं तेव्हा खाण अर्ध्यावर होती. टेकडीवर आठ-नऊ झुडपं उभी होती. मी जाऊन दुसरं एक आणलं असतं आणि पहिल्याशेजारी ठेवलं असतं तर पुढच्याच बहरात बी मिळालं असतं. मी म्हणालो, तिच्या जाण्याचं दुःख जरा ओसरू दे, मग जातो. मग सगळ्यांना सांगितलं, गुडघे दुखतात. गुडघे ठणठणीत होते. जायचं म्हणजे निबंध चूक आहे हे कबूल करायचं. मी स्वतःची समजूत घालत राहिलो की मी तिची अब्रू राखतोय. राखत होतो माझी. दोन वर्षांनी टेकडी संपली आणि मला, सांगायला लाज वाटते, सुटल्यासारखं वाटलं.

त्यानंतर वर्षभरात तू त्या काचघरात लागलीस. नऊ वर्षं तू विचारत राहिलीस आणि मी पाणी तोड, वाऱ्यावर ठेव म्हणत राहिलो. तुझा हात जड आहे हे जानेवारीत लिहिलं तेव्हाही मला माहीत होतं. तू मामीचं नाव काढलंस तेव्हा तुला कळलंय असं वाटून मी भ्यायलो, म्हणून तसं तुसडं लिहिलं. तुला काहीच कळलं नव्हतं. तू स्वतःलाच दोष देत होतीस.

आता नीट वाच. अशा फुलांमध्ये नकार उशिरा तयार होतो. कळी उमलायच्या दोन दिवस आधी स्त्रीकेसराचं टोक कोवळं असतं, त्याला आपलं-परकं कळत नाही. तेव्हा कळी सुईने अलगद उकलायची आणि उमललेल्या फुलाचा पराग आत ठेवायचा. दहांत एखादी धरते. कळ्या जितक्या जास्त तितकं बरं. तूच कर, दुसऱ्या कुणाला देऊ नकोस.

मामा


१९ फेब्रुवारी

तुमचं पत्र आज पोचलं. वीस कळ्यांतल्या पंधरा उमलून गेल्या. पाच उरल्यात. करतेय.


५ मार्च

चि. मुंगे,

कळ्यांचं काय झालं? एक ओळ तरी टाक. रोज पोस्टमनची वाट बघतो, तो आता मला बघून लांबूनच मान हलवतो.

मामा


२४ मार्च

मामा,

उत्तर द्यायला उशीर केला. मुद्दाम केला.

पाच कळ्या. पहिल्या दोन मी उकलल्या आणि त्या दुसऱ्या दिवशी काळ्या पडल्या. सुई टोचली असणार, सवय नव्हती. पुढच्या दोन दहा दिवस राहिल्या आणि गळल्या. पाचवी राहिली. देठ हिरवा राहिला, खालचा भाग फुगायला लागला, मिऱ्याएवढा झाला. नऊ वर्षांत पहिल्यांदा नाकाडीवर फळ पाहिलं. माळीकाका सकाळी आल्या आल्या टोपी काढून त्याच्यासमोर उभे राहायचे. मी तुम्हाला कळवणार होते. फळ पिकलं की कळवू असं ठरवलं, तोवर तुम्हाला वाट बघू दे, असंही मनात होतं.

सतरा तारखेला काचघर उघडलं तर झुडूप कुंडीच्या काठावर कललेलं होतं. बुंधा आतून पूर्ण गेला होता. फळ फांदीवरच होतं. फांदी कापून पाण्यात ठेवली, तीन दिवस वाट पाहिली, मग सुकायला लागलं म्हणून उघडलं. आत दोन बिया. पाण्यात टाकल्या तर दोन्ही तरंगल्या. पोकळ होत्या.

गेल्या वर्षी साठ कळ्या होत्या, मामा. त्याच्या आदल्या वर्षी सत्तरच्या वर. झुडूप तेव्हा धडधाकट होतं. मी त्या सगळ्या उमलायची वाट बघत बसले.

तक्त्यातली चौकट बदलली. "होय"चं "नाही" केलं आणि सगळा हिशेब पुन्हा केला. उत्तर तेच आलं. दशांशचिन्हानंतर चौथ्या आकड्यात फरक पडला. ज्यांना दुसऱ्याची गरज लागते त्यांच्या फांद्या पसरतात, हे आधीही दिसत होतं, आताही दिसतं, फक्त अपवाद उरला नाही. मी सरांना सगळं सांगितलं. मला वाटलं, काहीतरी होईल. सर म्हणाले, "बरं झालं, दुरुस्त केलंत," आणि पुढची शीट मागितली. तुम्ही बारा वर्षं जे झाकून ठेवलंत, ते उघडं पडल्यावर कुणाची खुर्चीसुद्धा हलली नाही. फरक पडला तो एका झुडपाला.

मामीवर माझा राग नाही. तिने जे केलं ते नाकाडीच्या भल्याचंच होतं, आणि त्या टेकडीवर नाकाडीला काय हवंय हे तुम्हा दोघांत मामीलाच कळलं होतं. राग तुमच्यावर आहे. किती दिवस राहील सांगता येत नाही. माझा हात बरा आहे हे वाचून मी त्या दिवशी जिन्यात बसून रडले, तेही तुम्हाला कळायला हवं.

शेवटची फांदी मी दाबून सुकवलीय. ती शीटवर चिकटवायचीय आणि लेबल लावायचंय. नियमाप्रमाणे नोंद ज्याला माहिती आहे त्याने करायची. ते तुम्ही आहात. कोरं लेबल सोबत आहे.

मुंगी


३० मार्च

चि. मुंगे,

लेबल भरून पाठवतोय. इथेही उतरवतो, वाटेत गहाळ झालं तर असावं.

नमुना: नाकाडी. हे नाव ठेवणारी: माझी पत्नी.

ठिकाण: काचघर. मूळ टेकडी आता नाही.

झुडपांची संख्या: एक होतं.

परागीभवन: एकतीस वर्षांपूर्वी, चाळीस फांद्यांवर, माझ्या पत्नीने केलं. यशस्वी. यंदा, पाच कळ्यांवर, माझ्या भाचीने केलं. तिला ते नऊ वर्षं आधी करता आलं असतं.

शेरा: एकट्याने बी धरत नाही. हे मला माहीत होतं.

अक्षर वाकडं आलंय, रेघ नीट दिसत नाही. पण वाचता येतं. दुसऱ्या कुणाकडून सुवाच्य करून घेऊ नकोस.

मामा